नॅनोतंतूंचं ड्रेसिंग: नागपूरच्या हवेत इलेक्ट्रोस्पिनिंग कसं करावं

इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणजे पॉलिमरचं द्रावण सुईतून सोडायचं, उच्च व्होल्टेजने त्याची बारीक धार ओढायची आणि समोरच्या कलेक्टरवर तिच्या तंतूंचा थर जमवायचा. मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास नागपुरातली आर्द्रता १५-२० टक्क्यांवर उतरते आणि जुलैत ती ८० च्या पुढे जाते. द्रावण, व्होल्टेज, सुईचं अंतर सगळं तेच ठेवलं तरी या दोन महिन्यांत निघणारे थर एकमेकांशी जुळत नाहीत. मेमध्ये सुईच्या टोकाशीच द्रावण सुकतं, बूच बसतं आणि जाडेभरडे तंतू पडतात. जुलैत पाणी उडून जायच्या आत तंतू कलेक्टरवर पोचतात, एकमेकांना चिकटतात आणि जाळीऐवजी चकचकीत पातळ पापुद्रा हाती येतो. म्हणून प्रयोगवहीत व्होल्टेजच्या आधी आर्द्रता लिहावी. शोधनिबंधातली कृती जशीच्या तशी करूनही ती इथे जमत नाही, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

इथे दिलेली कृती पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारं पॉलिमर) आणि कायटोसान (कवचांपासून मिळणारं पॉलिमर) यांच्या मिश्रणाची आहे. ती निवडण्याचं कारण साधं आहे: द्रावक पाणी आणि थोडं ॲसेटिक ॲसिड एवढाच असल्याने क्लोरोफॉर्मसारखा विषारी किंवा ॲसिटोनसारखा पेट घेणारा द्रावक खोलीत येत नाही, आणि जखमेच्या संपर्कात जाणाऱ्या वस्तूत त्याचा अंश उरण्याची धास्तीही राहत नाही. एम.फार्म., एम.टेक. किंवा साहित्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी सुरुवात इथूनच करावी. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. प्रयोगशाळेत बनवलेला असा तुकडा कुणाच्याही जखमेवर, स्वतःच्या बोटाच्या चिरेवरसुद्धा, लावायचा नाही. त्यासाठीचा रस्ता शेवटी दिला आहे.

असा थर जखमेला कशासाठी

जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकराच्या त्वचेवर दाखवून दिलं की ओलसर ठेवलेली जखम उघडी सुकू दिलेल्या जखमेपेक्षा लवकर नव्या त्वचेने झाकली जाते. पण ओलसर म्हणजे साचलेलं पाणी नव्हे. १००-५०० नॅनोमीटर जाडीच्या तंतूंच्या थरातून वाफ बाहेर जाते, आणि त्यातली छिद्रं इतकी बारीक असतात की बाहेरच्या जिवाणूंना आत शिरणं अवघड होतं. निरोगी त्वचेतून दिवसाला चौरस मीटरमागे साधारण २०० ग्रॅम पाणी उडतं. उघड्या, दाणेदार जखमेतून ते ५,००० ग्रॅमपर्यंत जाऊ शकतं. ड्रेसिंगमधून २,००० ते २,५०० ग्रॅम वाफ जावी असं सहसा धरलं जातं. मोजायचं ते याच्याशी ताडून.

द्रावण

पीव्हीए घेताना डब्यावर दोन गोष्टी वाचा: रेणुभार ८५,००० ते १,२४,००० आणि हायड्रोलिसिस ८७-८९ टक्के. ९९ टक्केवालं पीव्हीए पाण्यात अधिक टिकाऊ असतं, पण त्याच्या द्रावणाचा पृष्ठताण जास्त असल्याने धार नीट निघत नाही. मग लोक त्यात ट्रायटन एक्स-१०० चे थेंब टाकतात आणि धार सुरळीत होते. ट्रायटन पेशींची पटलं फोडतं; पेशी फोडण्यासाठीच ते जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत वापरतात. ड्रेसिंगमध्ये त्याला जागा नाही.

१० ग्रॅम पीव्हीए ९० ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात घ्या. भुकटी गार पाण्यातच, चुंबकी ढवळणी चालू असताना, चिमटीचिमटीने भुरभुरवा. गरम पाण्यात टाकलीत तर बाहेरून ओल्या, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या दिवसभर विरघळत नाहीत. सगळी भुकटी ओली झाली की तापमान ८५-९० अंशांवर न्या, बीकरवर झाकण ठेवा, दोन-तीन तास ढवळा. सुरुवातीला बीकरचं वजन लिहून ठेवलेलं असावं, कारण उन्हाळ्यात झाकण असूनही पाणी उडतं आणि वर साय धरते. गार झाल्यावर पुन्हा वजन करून उणं पाणी भरून काढा. ही एक पायरी गाळली की आज १० टक्के, उद्या ११ टक्के असं द्रावण होतं आणि तंतूंची जाडी का बदलली याचा पत्ता लागत नाही.

कायटोसान वेगळ्या बीकरमध्ये: २ ग्रॅम कायटोसान, १०० मिली २ टक्के ॲसेटिक ॲसिड, रात्रभर ढवळणं, मग मलमलीतून गाळणं. डीॲसिटायलेशन ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असावं. कायटोसान कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून येतं, त्यामुळे कवचधारी प्राण्यांच्या ॲलर्जीचा उल्लेख नोंदीत ठेवायला हवा.

आता ४० मिली पीव्हीए आणि १० मिली कायटोसान एकत्र करा. इथे एक हिशेब जवळजवळ प्रत्येक प्रबंधात चुकलेला दिसतो. ८०:२० हे प्रमाण आकारमानाचं आहे. कोरड्या वजनात पाहिलं तर ४ ग्रॅम पीव्हीएला ०.२ ग्रॅम कायटोसान, म्हणजे थरात कायटोसान जेमतेम ५ टक्के. "२० टक्के कायटोसानचं ड्रेसिंग" असं लिहायचं नाही. कायटोसानचं द्रावण ३ टक्क्यांचं करून प्रमाण ७०:३० ठेवलं तर कोरडा हिस्सा ११ टक्क्यांच्या आसपास जातो, पण धार अवघड होत जाते. ॲसिडमध्ये कायटोसानवर धन भार असतो, ते भार एकमेकांना ढकलतात, आणि नुसतं कायटोसान कातायला गेलं तर तंतूंऐवजी फवारा उडतो. पीव्हीए त्याला धरून ठेवतं.

सगळ्यात शेवटी सायट्रिक ॲसिड: एकूण कोरड्या पॉलिमरच्या ८ टक्के, म्हणजे वरच्या ५० मिलीला ०.३४ ग्रॅम. याचं काम नंतर भट्टीत आहे. ते घातलेलं द्रावण त्याच दिवशी वापरा. सायट्रेट आणि कायटोसान यांचं सख्य जमून बारीक जेलीचे कण दिसू लागले तर द्रावण टाकून द्या, गाळून वापरू नका. कातण्याआधी तासभर स्थिर ठेवून बुडबुडे वर येऊ द्या.

पेटी, कूलर आणि अर्थिंग

कातण्यासाठी ९० बाय ६० बाय ६० सेंटिमीटरची ॲक्रिलिकची पेटी पुरते. सुईपासून २०-२५ सेंटिमीटरच्या आत कलेक्टर सोडून धातूचं काहीही नको, स्क्रूसुद्धा नको. धार तिकडे वळते. पेटीत आर्द्रता ४० ते ४५ टक्के आणि तापमान २५ ते ३० अंश राखायचं आहे.

आर्द्रतामापक विकत आणल्यावर तसाच खरा मानू नका. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ते ओलं होईल पण विरघळणार नाही एवढंच पाणी घाला, झाकण आणि मापक एका झिप पिशवीत बंद करून आठ तास ठेवा. आत ७५ टक्के दिसायला हवेत. ७० दिसले तर तुमचा मापक ५ ने कमी दाखवतो.

नागपूरच्या उन्हाळ्यातली खरी अडचण कूलर आहे. खोलीत डेझर्ट कूलर सुरू झाला की तासाभरात आर्द्रता १८ वरून ६५ वर जाते, आणि पंप बंद करून नुसता पंखा ठेवला की पुन्हा कोसळते. शिवाय त्याचा झोत पेटीच्या फटीतून शिरून धारेला एका बाजूला ढकलतो आणि कलेक्टरवर थर एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला विरळ पडतो. कातण्याच्या खोलीत कूलर नको. एसी असेल तर तो लावा आणि पेटीत एका नळीने अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायरची वाफ सोडा. त्यात डिस्टिल्ड पाणीच भरा. बोअरच्या जड पाण्याचे क्षार पांढऱ्या धुळीच्या रूपात थरावर बसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते कणीदार औषधासारखे दिसतात. पावसाळ्यात उलट करायचं: एसी ड्राय मोडवर ठेवून खोली ५०-५५ टक्क्यांवर आणायची आणि पेटीत जाणारी हवा सिलिका जेलच्या नळकांड्यातून घ्यायची. हवेचा प्रवाह किती आहे हे पाहायला व्होल्टेज बंद असताना पेटीत अगरबत्ती धरा. धूर सरळ वर जाऊन मग हळूहळू वळला पाहिजे. (पुढे कधी ज्वालाग्राही द्रावक वापरलात तर ही अगरबत्ती अजिबात नको.)

अर्थिंगकडे विशेष लक्ष द्या. विदर्भाची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, भेगा पडतात, आणि अर्थिंगच्या खड्ड्यातल्या इलेक्ट्रोडभोवतीची माती त्याला सोडते. पावसाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये नावापुरतं उरतं. आठवड्यातून दोनदा खड्ड्यात पाणी ओतायला सांगा आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल व अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजा; ते २-३ व्होल्टच्या वर असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तोवर काम थांबवा. कलेक्टर नीट जमिनीला जोडलेला नसेल तर त्यावर भार साठतो, आणि तंतू सपाट पडण्याऐवजी कोळिष्टकासारखे सुईकडे वाढत येतात.

व्होल्टेज बंद केल्यावरही सुई आणि सप्लायमध्ये भार उरतो. प्लॅस्टिकच्या लांब दांड्याला जोडलेली अर्थची तार सुईला टेकवल्याशिवाय पेटीत हात घालायचा नाही. पायाखाली रबरी मॅट, आणि एकट्याने काम करायचं नाही. सिरिंज पंप सुईपासून लांब ठेवून मध्ये ३० सेंटिमीटरची टेफ्लॉनची नळी घ्या. ठिणगी पंपाच्या सर्किटमध्ये गेली तर तो पंप पुन्हा चालू होत नाही.

कातणं

१० मिलीची प्लॅस्टिकची सिरिंज, बोथट टोकाची २२ गेज सुई, सुई ते कलेक्टर १५ सेंटिमीटर, प्रवाह तासाला ०.४ मिली. कलेक्टरवर ॲल्युमिनियम फॉइल आणि त्यावर सिलिकॉन लावलेला बटर पेपर, म्हणजे थर न फाटता सुटतो. आधी पंप सुरू करा, सुईच्या टोकाशी थेंब दिसला की व्होल्टेज १० किलोव्होल्टपासून हळूहळू वाढवा. १५ ते १८ च्या दरम्यान धार निघते.

सुईच्या मागे काळा कागद लावा आणि बाजूने टॉर्च मारा. थेंब आधी लांबतो, मग त्याचा शंकू होतो, आणि शंकूच्या टोकातून केसाहून बारीक सरळ रेघ निघते. दोन-तीन सेंटिमीटर ती सरळ जाते आणि त्यापुढे दिसेनाशी होते, कारण तिथून ती प्रचंड वेगाने गोल गोल फिरत ताणली जाते. हा शंकू जेफ्री टेलर यांच्या नावाने ओळखला जातो. १९६४ मध्ये त्यांनी त्याचं गणित मांडलं. पुढचे आठ तास या शंकूवरच नजर ठेवायची आहे. थेंब मोठा होऊन खाली गळू लागला तर प्रवाह जास्त आहे किंवा व्होल्टेज कमी. शंकू सुईच्या आत ओढला गेला, किंवा कडेने दोन-तीन धारा फुटल्या, तर व्होल्टेज जास्त. टोकाशी पांढरा केस लोंबू लागला तर हवा कोरडी आहे: व्होल्टेज बंद, अर्थची तार टेकवा, ओल्या टिश्यूने टोक पुसा आणि आर्द्रता पाच टक्क्यांनी वाढवा. दर वेळी एकच गोष्ट बदला.

पहिली दोन मिनिटं कलेक्टरवर काचेची स्लाइड चिकटवून तिच्यावर तंतू घ्या आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट करून पाहा. जाडी मोजता येणार नाही, पण रेघांत मण्यांसारखे ठिपके आहेत का ते लगेच कळतं. मणी दिसले तर द्रावण पातळ आहे. पीव्हीए ११ टक्के करा. मोठे ओले डाग दिसले तर बुडबुडे किंवा जास्तीचा प्रवाह. एसईएमसाठी (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत किंवा दुसरीकडे वेळ मिळवून तिथे मण्यांचे फोटो काढण्यापेक्षा ही दोन मिनिटं फार स्वस्त पडतात. एसईएमला नमुना दिलात की ऑपरेटरला ५ ते १० किलोव्होल्टवरच पाहायला सांगा, जास्त झोतात पीव्हीए वितळून फुगतं. जाडीसाठी इमेजजे या फोटो मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये किमान १०० तंतू मोजा, आणि सुंदर दिसणारेच निवडू नका.

किती वेळ कातायचं? तासाला ०.४ मिली, त्यात ८.४ टक्के पॉलिमर, म्हणजे तासाला ०.०३४ ग्रॅम. आठ तासांत ०.२७ ग्रॅम. १५ बाय १५ सेंटिमीटरवर हे पसरलं तर चौरस मीटरमागे १२ ग्रॅम, आणि ८० टक्के पोकळी धरली तर जाडी ४०-५० मायक्रॉन. प्रत्यक्षात कडेला काही वाया जातं, म्हणून थोडं कमीच. आता पुढचा हिशेब करा: हा थर स्वतःच्या दहापट पाणी प्याला तरी १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा १.२ ग्रॅमच घेईल. भरपूर स्राव असणाऱ्या जखमेला ते काहीच नाही. त्यामुळे नॅनोतंतूंचा थर हा जखमेला लागून असणारा अस्तर-थर समजावा आणि शोषण्याचं काम मागच्या नॉनवोव्हन किंवा कापसाच्या पॅडला द्यावं. आपला थर एकटाच सगळं करतो असा दावा करणारं लिखाण दिसलं की त्यातलं वजन प्रति चौरस मीटर शोधा.

पाण्यात टिकवणं

कातून निघालेला थर पाण्याचा थेंब पडताच काही सेकंदांत नाहीसा होतो. जखमेवर तो टिकायचा असेल तर तंतूंतल्या साखळ्या एकमेकींना बांधाव्या लागतात. प्रचलित मार्ग ग्लुटाराल्डिहाइडच्या वाफेचा आहे, आणि तो जमतोही, पण उरलेला ग्लुटाराल्डिहाइड पेशी मारतो आणि तो धुऊन काढण्यात तंतू फुगतात. सायट्रिक ॲसिड आणि उष्णता हा मार्ग अधिक चांगला.

थर आधी ६० अंशांवर, व्हॅक्यूम ओव्हन असेल तर व्हॅक्यूममध्ये, रात्रभर ठेवा, म्हणजे ॲसेटिक ॲसिडचा वास जाईल. मग टेफ्लॉनच्या कापडावर ठेवून चारही बाजूंनी स्टीलच्या चौकटीत दाबा. मोकळा ठेवलात तर तो भट्टीत आक्रसून पापडासारखा वळतो. १४० अंशांवर दीड ते दोन तास. ओव्हनच्या आकड्यावर विसंबू नका, थराशेजारी वेगळा थर्मामीटर ठेवा. फिकट पिवळसर छटा येणं ठीक. तपकिरी झाला तर जास्त भाजला.

आता परीक्षा. ५ बाय ५ सेंटिमीटरचे तीन तुकडे कापा. याहून लहान नको, कारण २ बाय २ चा तुकडा ५ मिलिग्रॅमही भरत नाही आणि तुमच्या तराजूची चूकच त्याहून मोठी ठरू शकते. कोरडं वजन घ्या, ३७ अंशांवर पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेलं खारट बफर द्रावण) २४ तास ठेवा, डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा (नाहीतर मिठाचं वजन धराल), वाळवून पुन्हा वजन करा. घट १०-१५ टक्क्यांच्या आत हवी. जास्त असेल तर वेळ अर्ध्या तासाने वाढवा, तापमान नको. आणि वजन टिकलं म्हणजे तंतू टिकले असं नाही. भिजवून वाळवलेल्या तुकड्याचाही एसईएम फोटो घ्या. तंतू विरघळून एकसंध पडदा झालेला असेल तर वाफ जाण्याचा आधी मोजलेला आकडा जखमेवर लागू होत नाही.

शोषण मोजण्यासाठी ईएन १३७२६ या ड्रेसिंगच्या युरोपीय मानकातलं द्रावण वापरा: लिटरला ८.२९८ ग्रॅम सोडियम क्लोराइड आणि ०.३६८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. नमुन्याच्या ४० पट वजनाचं द्रावण, ३७ अंश, ३० मिनिटं. साध्या पाण्यात मोजलेले आकडे नेहमी फुगलेले येतात.

हळद, मध, कडुनिंब

हे घालण्याचा मोह सगळ्यांना होतो. आधी रिकामा थर पुन्हा पुन्हा तसाच काढता आला पाहिजे, मग भर. मधाने द्रावण पातळ होतं आणि थर दमट हवेत चिकट राहतो. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही आणि उजेडात त्याचं विघटन होतं. ते पीसीएलसारख्या (पॉलिकॅप्रोलॅक्टोन) पॉलिमरमध्ये घालणं सोपं. (पीसीएल ६० अंशांच्या आसपास वितळतं. नवतप्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर नमुने ठेवून बुटीबोरी ते सीताबर्डी आणू नका.) कडुनिंबाच्या अर्कात काय किती आहे हे दर वेळी वेगळं, म्हणून निकालही दर वेळी वेगळा. औषध कोणतंही असलं तरी या पातळ तंतूंतून त्याचा मोठा वाटा पहिल्या काही तासांतच बाहेर पडतो. "सात दिवस सोडतो" असं लिहिण्याआधी पहिल्या दोन तासांत दर पंधरा मिनिटांनी नमुने घ्या.

जिवाणूंच्या चाचणीतही एक फसगत आहे. कायटोसान थरातून बाहेर पसरत नाही, त्यामुळे आगर प्लेटवर चकती ठेवली तर भोवती स्वच्छ वर्तुळ दिसत नाही आणि थर निकामी आहे असं वाटतं. त्याला संपर्काची चाचणी लागते, आयएसओ २०७४३ सारखी, जिथे जिवाणू थरावर टाकून ठरावीक वेळाने मोजतात.

निर्जंतुकीकरण आणि पुढचा रस्ता

ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांच्या ओल्या वाफेत हा थर गोळा होतो. यूव्ही दिवा फक्त वरच्या पृष्ठावर काम करतो, तंतूंच्या सावलीत नाही. त्याला निर्जंतुकीकरण म्हणू नये. उरतात गॅमा किरण आणि इथिलीन ऑक्साइड वायू. २५ किलोग्रे गॅमाने कायटोसानच्या साखळ्या तुटतात आणि पिवळेपणा वाढतो. इथिलीन ऑक्साइडच्या प्रक्रियेत ओलावा लागतो, त्यामुळे आधी नीट बांधलेला थरच पाठवा आणि नंतर वायू निघून जायला पुरेसा वेळ द्या. कोणताही मार्ग घेतलात तरी वजनाची घट, शोषण आणि एसईएम या चाचण्या निर्जंतुक केलेल्या नमुन्यावर पुन्हा करा. पेशींवरची चाचणी, आयएसओ १०९९३-५ प्रमाणे, तीही त्याच नमुन्यावर. त्यात पेशींची जीवनक्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर थर विषारी असू शकतो असं धरतात.

तुकडे ॲल्युमिनियमच्या पाउचमध्ये सिलिका जेलच्या पुडीसह बंद करा आणि पाउचवर कातण्याची तारीख, द्रावणाचा क्रमांक, आर्द्रता, भट्टीचा वेळ व तापमान लिहा. प्राण्यांवरच्या कामासाठी संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी लागते. चाचणीसाठी ड्रेसिंग बनवायचं तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली एमडी-१२ अर्ज करून एमडी-१३ परवाना घ्यावा लागतो. माणसांवर तपासायचं तर नीती समिती आणि केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे (सीडीएससीओ) एमडी-२२ अर्ज, आणि एमडी-२३ परवानगी हातात आल्यावरच नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा एम्स या रुग्णालयांतल्या शल्यचिकित्सकांसोबत प्रत्यक्ष काम सुरू करता येतं. शल्यचिकित्सकांशी बोलणं मात्र त्याच्या खूप आधी, पहिला थर निघाला की लगेच सुरू करा. कोणत्या जखमेला किती स्राव असतो आणि पट्टी किती दिवसांनी बदलतात हे तेच सांगू शकतात, आणि थर किती जाड कातायचा ते त्यावर ठरतं.